पाहुणा लॉकरमध्ये ठेवू नये

परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाकडे गावाहून वडील किंवा सासरे राहायला आले, की तो त्यांना दोनच ठिकाणी ठेवतो. कामाच्या दिवशी फ्लॅटमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी फोटोमध्ये. ही रीत मोडून काढली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी बँकेतला साधा कारकून. बँकेत माझं मत कोणी विचारत नाही, त्यामुळे दुबईतल्या चौदा वर्षांत मतांची बरीच शिल्लक साठली आहे. त्यातलं हे एक आज काढतो.

पाहुणा येण्याआधी आपण काय काय काळजी घेतो बघा! तिकीट, विमा, व्हिसा. मग सामानाची यादी. आईला फोनवर दहादा बजावायचं, की अनारसे आणू नकोस, त्यावर खसखस असते आणि खसखशीला या देशात बंदी आहे. (इथे खसखस पिकवायची ती फक्त विनोद सांगून.) एवढी बारीक तपासणी करणाऱ्या गृहस्थाला विचारा, "सोमवारी सकाळी दहा वाजता वडील काय करणार?" तो म्हणतो, "आराम!"

आता जरा हिशेब मांडू. बी.कॉम. झालेल्या माणसाला तेवढंच येतं. व्हिसा ६० दिवसांचा. २०२२ पासून इथली सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली आहे. ६० दिवसांत असे सुट्टीचे दिवस धरा १७. उरले ४३. सकाळी आठला घर सोडलेला मुलगा संध्याकाळी सहाला परत, म्हणजे रोजचे दहा तास. एकूण ४३० तास! एवढे तास हा माणूस एकटा, एअरकंडिशनरच्या खाली, पंचविसाव्या मजल्याच्या न उघडणाऱ्या खिडकीपाशी बसणार. कुणाशी बोलणार? फ्रिजशी?

आमच्या धंद्यात याला लॉकर म्हणतात. मौल्यवान वस्तू पोलादी कपाटात ठेवायची, किल्ली आपल्या खिशात घालायची आणि सणावाराला बाहेर काढून मिरवायची. पण लॉकरमधल्या वस्तूवर व्याज मिळत नाही, उलट भाडं आपणच भरतो, हे विसरू नका.

मिरवण्याचा दिवस म्हणजे बुर्ज खलिफा. उंची ८२८ मीटर. १२४ व्या मजल्यावर गेलं की सगळी दुबई पायाखाली दिसते. तिथे मी आजवर जेवढे मराठी वडील बघितले, त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच : "यात आपलं घर कुठलं रे?" मुलगा म्हणतो, "ते इथून दिसत नाही. तुम्ही हसा बघू." मग फोटो. म्हातारा हसतो. गावाकडचे नातेवाईक फोटो बघून म्हणतात, "मुलानं पांग फेडले!" इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला कायद्यानं मनाई आहे. पाहुण्याला त्याच उन्हात उभं करून फोटोसाठी हसवायला मात्र मनाई नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्याला पाहिल्या दिवशी घराची किल्ली द्या. मेट्रोचं कार्ड द्या. खिशात पन्नास दिरहम द्या आणि एक काम द्या. आमचे अण्णा एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होते. आले त्याच दिवशी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "अण्णा, भाजी तुमच्याकडे." चौथ्या दिवशी ते अब्र्यातून खाडी ओलांडून देऱ्याला जाऊन आले. अब्रा म्हणजे खाडीतली होडी, भाडं एक दिरहम. रात्री जेवताना म्हणाले, "माणसं भरायची पद्धत चांगली आहे, पण तिकीट देत नाहीत. हिशेब कसा लागतो?" अब्रा एका दिरहमाची, पण माणसाची अब्रू लाखाची होते ती अशी!

यावर लोकांचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, "परका मुलूख, चुकले म्हणजे?" अहो, ज्यांनी पावसाळ्यात आंबेनळी घाटातून भरलेली गाडी नेली, ते मीना बाजारात चुकतील? तिथे निम्म्या दुकानांत हिंदी चालतं. आणि चुकले तरी विचारत विचारत येतील. आपल्याला बोट धरून शाळेत नेणारी माणसं आहेत ती.

दुसरा आक्षेप, "जन्मभर राबले, आता आराम करू दे." जरूर करू द्या. पण आराम आणि नजरकैद यांत फरक एका किल्लीचाच असतो.

तिसरा आक्षेप गावाकडून येतो : "सुनेनं सासऱ्याला भाजी आणायला लावली!" असं म्हणणाऱ्यांनी अण्णांना एकदा भेंडीचा भाव रुपयांत गुणताना आणि मग त्या मल्याळी दुकानदाराशी वाद घालताना बघावं. त्या दुकानदाराला आता आमच्या घरातलं दुसरं कोणी ओळखत नाही. मी गेलो तर विचारतो, "अण्णा कुठे?"

परत जाताना पाहुणा काय नेतो, हाही प्रश्न आहेच. बिनजकातीचे दागिने नेण्याची सवलत परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांनाच आहे, ६० दिवसांच्या पाहुण्याला नाही. तेव्हा न्यायला उरतात त्या गोष्टी. "मुलानं मला दुबई दाखवली" ही गोष्ट पारावर पाच मिनिटं पुरते. "मी एकटा खाडीपलीकडे गेलो आणि परत आलो" ही पुढची दहा वर्षं पुरेल, आणि कस्टमवाला तिला हातसुद्धा लावणार नाही.

तेव्हा तुमच्याकडे मे महिन्यात कोणी येणार असेल, तर बुर्ज खलिफाची तिकिटं सावकाश काढा. आधी किल्लीची नक्कल करून घ्या.