सरकारची थैली आणि समुद्राचें भांडवल

साहाय्य करणें हें सदैव पुण्यकर्मच होय, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या साहाय्यानें घेणाऱ्याच्याच ताटांतील अन्न उद्यां नाहींसें होतें, त्यास उपकार म्हणावें कीं अपकार? मासेमारीच्या धंद्यास निरनिराळ्या देशांचीं सरकारें जें अनुदान देतात, त्याविषयीं हा प्रश्न आज सर्व राष्ट्रांपुढें उभा आहे. तो केवळ मुत्सद्द्यांचा नसून ज्यांच्या घरीं मासळी शिजते त्या प्रत्येकाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम या अनुदानाचा परिणाम कसा होतो तें पाहूं. मासळी कमी झाली म्हणजे नौकेस अधिक दूर जावें लागतें, तेल अधिक जळतें, आणि खर्च मिळकतीच्या वर गेला कीं नौका आपोआप बंदरांत राहते. हा एक स्वाभाविक लगाम होय; तेवढ्या अवधींत माशांची वीण वाढते. परंतु तेलाचा भार सरकारनें सोसला, किंवा नवीं जहाजें बांधण्यास पैसा पुरविला, तर तो लगाम तुटतो व विरळ झालेली मासळी उपसणेंही परवडूं लागतें. २०१८ सालीं जगांत अशीं अनुदानें सुमारें ३५ अब्ज डॉलरचीं होतीं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पैकीं सुमारें २२ अब्ज मासेमारीचें सामर्थ्य वाढविण्याकडेच गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेच्या गणनेप्रमाणें १९७४ सालीं माशांचे दहा टक्के साठे प्रमाणाबाहेर उपसले जात होते. आज तें प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक आहे.

याचें फळ काय, तें कॅनडांतील न्यूफाउंडलंड येथें दिसलें. १९७७ सालीं किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आपली हद्द ठरवून कॅनडानें परकी जहाजें दूर केलीं, आणि मग सरकारी मदतीनें स्वतःचाच ताफा वाढविला. शतकानुशतकें चाललेली कॉड माशाची मासेमारी १९९२ च्या जुलै महिन्यांत बंद करावी लागली व सुमारें ३०,००० माणसांचा रोजगार बुडाला. ती बंदी रीतसर उठण्यास २०२४ साल उजाडलें.

मग प्रत्येक सरकारनें आपलें अनुदान आपणच कां थांबवूं नये? कारण उघड आहे. मासे सरहद्द ओळखीत नाहींत. एकानें हात आखडला तर शेजारी तोच मासा नेतो. म्हणून सर्वांस एकाच वेळीं बांधणारा नियम पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेंत ही वाटाघाट २००१ सालीं सुरू झाली व १७ जून २०२२ रोजीं जिनीव्हा येथें करार झाला. तो १५ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आला आहे. बेकायदा मासेमारीस, उपसून क्षीण झालेल्या साठ्यांवरील मासेमारीस, तसेंच कोणाचेंच नियंत्रण नसलेल्या खुल्या समुद्रांतील मासेमारीस अनुदान देण्यास त्यानें मनाई केली आहे. तथापि प्रमाणाबाहेर ताफे वाढविणाऱ्या अनुदानांचा मुख्य प्रश्न शिल्लकच आहे. २०२४ सालीं अबू धाबी येथें त्यावर एकमत झालें नाहीं. आणि अंमल सुरू झाल्यापासून चार वर्षांत तें न झाल्यास, सभासदांनीं निराळें ठरविल्याखेरीज, सबंध करारच संपुष्टांत येईल, असें कलम त्यांत आहे.

हिंदुस्थानचें म्हणणें असें कीं, दूरच्या समुद्रांत ताफे पाठविणाऱ्या राष्ट्रांनीं पंचवीस वर्षें तेथील अनुदान बंद ठेवावें व विकसनशील देशांस तितकीच मुदत द्यावी. ज्यांनीं अधिक उपसलें त्यांनीं अधिक सोसावें, हें आम्हांस सर्वथा न्याय्य वाटतें. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील न्याय निराळा आणि माशांच्या विणीचा काळ निराळा. आपल्या महाराष्ट्रांतही यांत्रिक नौकांस डिझेलवरील करांत सवलत मिळते. आणि ज्या पापलेटाच्या घटत्या संख्येमुळें त्यास २०२३ सालीं राज्यमाशाचा मान देण्यांत आला, तें पंचवीस वर्षें वाट पाहील काय? लहान होडीवाल्या कोळ्याचें नांव पुढें करून मोठ्या यांत्रिक ताफ्यांस मुदत मागणें हा त्या कोळ्यावरच अन्याय होय. कारण त्याची होडी दूर जाऊं शकत नाहीं, व किनाऱ्याजवळची मासळी आटली म्हणजे प्रथम त्याचीच चूल विझते.

कोणी म्हणेल, मग गरिबाची मदत तोडावी काय? मुळींच नाहीं. पावसाळी बंदीच्या दिवसांत निर्वाह, नौकेचा व जिवाचा विमा, बर्फाची व साठवणीची सोय, माशांची मोजदाद, या सर्वांकडे तोच पैसा वळवावा. यानें कोळ्याचें घर चालतें आणि समुद्रही ओस पडत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें अधिकारी होतील, कांहीं नौका चालवितील. कोणतीही सरकारी मदत देतांना वा घेतांना तिनें उद्यांचें जाळें रिकामें तर होणार नाहीं ना, हें त्यांनीं आधीं विचारावें. आणि पालकांनींही आपल्या प्रतिनिधींस हाच प्रश्न विचारावा, अशी आमची विनंति आहे.