टेबलावरचा वेळ कोणाचा?

इटली आणि अमेरिका या दोन देशांच्या जेवणाची तुलना प्रवासवर्णनांतून वारंवार आढळते आणि तिचा निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो. इटालियन माणूस रसिक व निवांत, अमेरिकन माणूस घाईचा व खादाड. एका समाजाच्या सवयीला त्याचा स्वभाव म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु सवयी आकाशातून पडत नाहीत. त्यांच्या मागे मजुरीचे दर असतात, कायदे असतात आणि वेळ कोणाच्या मालकीचा हा प्रश्न असतो.

इटलीतील रीतसर जेवण क्रमाक्रमाने पुढे सरकते. प्रारंभी ‘आंतिपास्तो’, म्हणजे खारवलेले मांस, ऑलिव्ह, मुरवलेल्या भाज्या असे भूक चाळवणारे थोडेसे काही. मग ‘प्रीमो’, म्हणजे पास्ता, रिसोत्तो किंवा सूप. त्यानंतर ‘सेकोंदो’, म्हणजे मांस किंवा मासे. आणि त्याच्या जोडीला वेगळ्या बशीत भाजी अथवा कोशिंबीर. शेवटी गोड पदार्थ किंवा फळ, आणि तेही संपल्यावर कडक काळी कॉफी. प्रत्येक पदार्थ बेताचा असतो आणि एक बशी उचलल्याखेरीज दुसरी येत नाही. गिऱ्हाईकाने मागितल्यावाचून बिल आणणे हा तेथे उद्धटपणा ठरतो. अर्थात एवढा सगळा क्रम कोणी रोज पाळत नाही. तो रविवारचा आणि लग्नकार्याचा थाट आहे. रोजच्या दुपारी एखाद-दुसऱ्या पदार्थावर भागते. पण तोही बसून आणि सावकाश खाल्ला जातो.

अमेरिकेतील सर्वसाधारण उपाहारगृहात बसताक्षणीच बर्फाचे पाणी येते. कोशिंबीर आधी येते आणि मग मांस, बटाटा, भाजी असे सारे एकाच मोठ्या ताटलीत. ती इतकी भरलेली असते की उरलेले अन्न डब्यात घालून घरी नेणे हा सर्वमान्य रिवाज झाला आहे. कॉफीचा पेला पुन्हा पुन्हा फुकट भरला जातो, परंतु शेवटचा घास संपतो न संपतो तोच बिल टेबलावर येते. ‘घाई नाही’ असे आर्जवाने सांगतच ते ठेवले जाते. मात्र त्या कागदाचा अर्थ देणारा आणि घेणारा दोघेही जाणून असतात.

या घाईचे मूळ वेटरच्या पगारपत्रकात सापडते. १९६६ साली अमेरिकेच्या किमान वेतन कायद्याचे संरक्षण हॉटेल-कामगारांपर्यंत पोहोचले, पण त्याच दुरुस्तीने मालकांना गिऱ्हाइकाची बक्षिसी वेतनाचा भाग म्हणून धरण्याची मुभा दिली. संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. बक्षिसी मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे रोख वेतन मात्र १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर गोठलेले आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत नाकारली; अनेक राज्यांत ती आजही चालू आहे. तूट पडल्यास मालकाने भरून द्यावी असे कायदा सांगतो. परंतु वेटरचे घर चालते ते टेबल किती वेळा रिकामे होऊन पुन्हा भरते यावर. दोन तास गप्पा मारीत बसणारे गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या मिळकतीत पडलेली खोट. अशा रीतीने जेवणारा श्रमिक आणि वाढणारा श्रमिक यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध उभे केले जातात आणि मालक बाजूला राहतो. जेवणाऱ्याची स्थितीही फारशी वेगळी नाही. प्रौढ कामगाराला जेवणाची सुट्टी दिलीच पाहिजे, असे बंधन अमेरिकेच्या संघीय कायद्यात नाही.

या प्रथेला इतिहासही आहे. गुलामगिरी संपल्यानंतर पुलमन कंपनीने आपल्या रेल्वेच्या शयनयानांवर कृष्णवर्णीय सेवक तुटपुंज्या पगारावर नेमले आणि उरलेली भरपाई प्रवाशांच्या औदार्यावर सोडली. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली बक्षिसीवर बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले; परंतु १९२६ पर्यंत हे सर्व कायदे मागे घेतले गेले. पुलमनच्या सेवकांना न्याय मिळाला तो संघटनेमुळे. ए. फिलिप रँडॉल्फ या समाजवादी नेत्याच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये त्यांनी युनियन स्थापन केली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करणे भाग पाडले.

उलट बाजूने पाहता, इटलीची निवांत पंगतही सनातन नाही. एकोणिसाव्या शतकात तिच्या उत्तर भागातील शेतमजूर मक्याच्या पोलेंतावर जगत आणि पेलाग्रा या रोगाने मरत. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले, ते उपासमारीला कंटाळून. मायदेशी सणासुदीलाच मिळणारे मांस तेथे मजुराच्याही आवाक्यात आले आणि पास्ता व मांसाचे गोळे एकाच ताटलीत एकत्र आले. ज्या ताटलीकडे पाहून आजचा इटालियन नाक मुरडतो, ती त्याच्याच देशातून परागंदा झालेल्या भुकेल्यांनी प्रथम भरली. १९५१ मध्ये नेमलेल्या संसदीय चौकशीलाही इटलीत मांस कधीच न खाणारी लाखो कुटुंबे आढळली.

हे चित्र पालटले त्यात आर्थिक वाढीइतकाच कामगार चळवळीचाही वाटा आहे. १९६९ च्या संपांच्या लाटेनंतर १९७० साली कामगार-अधिकार कायदा संमत झाला. आज तेथील वेटरचा पगार देशव्यापी सामूहिक कराराने ठरतो. त्यात वर्षाला तेरावा आणि चौदावा पगार येतो. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅक्डोनाल्डचे दुकान उघडले तेव्हा निषेधासाठी पुढे सरसावलेले कार्लो पेत्रिनी आणि त्यांचे सहकारी डाव्या चळवळीतूनच आले होते. तेथून उभी राहिलेली ‘स्लो फूड’ चळवळ १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय झाली.

तथापि इटलीला आदर्श मानून थांबणे हा भाबडेपणा ठरेल. कराराबाहेर, नोंदीशिवाय राबणारे हॉटेल-कामगार तेथेही आहेत आणि कायद्याने ठरलेले किमान वेतन तेथे नाही. पुलियातील टोमॅटोची शेते मुकादमांच्या हाताखालील स्थलांतरित मजुरांच्या घामावर पिकतात. या मुकादमीविरुद्ध २०१६ साली कठोर कायदा करावा लागला. तरीही जून २०२४ मध्ये लातिना भागात पंजाबातून गेलेल्या एका शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी घराजवळ टाकून देण्यात आले आणि तो मरण पावला. टेबलावरच्या सावकाशपणाची किंमत शेतातल्या मजुराने अशी मोजावी, हे कोणत्याही संस्कृतीला शोभणारे नाही.

म्हणून पाच पदार्थ श्रेष्ठ की एक भरलेली ताटली, हा वाद गौण आहे. बसून, सावकाश, आपल्या माणसांसोबत जेवण्यासाठी लागणारा वेळ हा श्रमिकाने मिळवलेला हक्क आहे. इटलीत तो काही प्रमाणात मिळाला, अमेरिकेत बक्षिसीच्या हिशेबात हरवला. तो वाढणाऱ्याला, जेवणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला सारखाच लाभेल, तेव्हाच त्या जेवणाला सुसंस्कृत म्हणता येईल.