नेमणुका सभागृहात मांडायला लावा!

वरूडकर हो,

येत्या सर्वसाधारण सभेआधी आपल्या वार्डाच्या नगरसेवकाला गाठा. सभा झाल्यावर हळहळून काही होत नाही.

नगराध्यक्ष थेट आपल्या मतांवर निवडून येतो. ही पद्धत २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. मुंबईत सरकार फिरलं की आपला नियम फिरतो. पण १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं कारभार सोपवला तो परिषदेवर, एकट्या माणसावर नाही. मुख्याधिकारी शासन नेमतं, उपाध्यक्ष नगरसेवक निवडतात. स्वीकृत सदस्यांना मताचा अधिकार नाही आणि ती जागा आहे पालिका कारभाराचं ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांची. निवडणुकीत पडलेल्यांची सोय लावायला ती नाही, हे आपणच म्हणायला हवं.

खरी मेख आहे कंत्राटी भरतीत. ठेक्याचा विषय पुकारला जातो, ‘मंजूर, मंजूर’ होतं, पान उलटतं. मग सफाईला, पाणीपुरवठ्याला, वसुलीला कोण लागलं आणि कोणाच्या चिठ्ठीवर लागलं, हे कित्येक गावांत सभागृहाला कधी कळतच नाही. आज कोणावर बोट ठेवायचं नाही. पण बगीचा व्यापाऱ्याला दिला तरी संत्रा तोडणीच्या दिवशी आपण बांधावर उभे राहतोच ना? मग इथंच काहून झोपायचं?

नेमणुकीवर सभागृहाची नजर असणं काही जगावेगळं नाही. न्यूयॉर्कच्या महापौरालासुद्धा शहराचा मुख्य विधी अधिकारी नेमायला तिथल्या नगर परिषदेची संमती लागते. २०२४ मध्ये नगरसेवकांनी विरोध लावून धरला, तेव्हा महापौरांच्या पसंतीच्या उमेदवाराला माघार घ्यावी लागली.

आपली मागणी साधी आहे. कंत्राटी माणसांची यादी, काम, मजुरी आणि ठेकेदाराचं नाव दर तीन महिन्यांनी सभेपुढे यावं आणि सूचना फलकावर लागावं, असा ठराव परिषदेनं करावा. नगरसेवक टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. एखादा ठराव लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांना कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवता येते, तिकडेही जा.

या मागणीचा अर्ज दोन प्रतींत लिहा, शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या. आवक खिडकीवर शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय हलू नका.