जुना लॅपटॉप, दुसरी डिस्क आणि १४ ऑक्टोबरचा निकाल



कार्यक्रम संपवून जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की आम्हा आयटीवाल्यांना एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी तो "मुलीला कोणता लॅपटॉप घेऊ?" असा असायचा. हल्ली तो उलटा झालाय: "घरातला जुना टाकून देऊ का?" कारण आपल्याला माहीतच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. लॅपटॉप चालू होतो, इंटरनेट चालतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणं थांबलं. आणि याच मशीनवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, टॅक्स भरतो.

मग विंडोज ११ का घालायचं नाही? कारण ते बऱ्याच मशीन्सना चालतच नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. ही पिढी आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंग सेलमध्ये कोणी सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतला असेल, तर ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ बाजारात आलं तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता, आणि तेव्हाच नापास झाला! पर्ग या अमेरिकन ग्राहक संघटनेचा अंदाज होता की असे ४० कोटीपर्यंत संगणक या निर्णयामुळे बाहेर फेकले जातील. टीपीएमचा सुरक्षेला खरोखर उपयोग आहे, हे मान्य. पण प्रोसेसरची रेघ जिथे ओढली, तिथेच का ओढली, याचं पटेल असं उत्तर मला तरी मिळालेलं नाही.

कंपनीने एक वर्षाची मुदतवाढ दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी ३० डॉलर भरा, किंवा सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, किंवा त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट्स द्या, असे पर्याय ठेवले. ग्राहक संघटनांच्या दबावानंतर युरोपियन आर्थिक क्षेत्रातल्या देशांना बॅकअपची अट काढून ही मुदतवाढ फुकट मिळाली. जर्मनीतल्या किंवा हॉलंडमधल्या आपल्या नातेवाईकांची सोय झाली, लंडनवाल्यांची नाही. त्यांनी त्या क्षेत्रातूनही काढता पाय घेतलेला!

दुसरी गोष्ट याच सुमारास घडली, ती कमी जणांच्या लक्षात आली. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटर्सनी मेमरी आणि स्टोरेजच्या चिप्स घाऊक उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शरद ऋतूपासून त्यांच्या किमती चढू लागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने आपला 'क्रुशल' हा ब्रँड, जो आपल्यातले कित्येक जण घरी रॅम किंवा एसएसडी बदलताना डोळे मिटून घेत होते, बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा अर्थ नवा लॅपटॉपही महाग आणि जुन्यात घालायचे सुटे भागही महाग. तरीही एक एसएसडी आणि एक अख्खा लॅपटॉप यांच्या किमतीत फरक राहतोच, आणि तिथेच दुसऱ्या डिस्कचा मार्ग निघतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. दुसरी डिस्क बसवली म्हणून लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र होत नाही. फायदा वेगळाच आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते. एखादी फाईल शोधायला तिचं डोकं सरकून योग्य जागी यायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, आणि सुरू होताना संगणक अशा हजारो फाईली शोधतो. एसएसडीमध्ये हेच काम सुमारे एक दशांश मिलिसेकंदात होतं. "लॅपटॉप म्हातारा झाला" असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते ती फक्त डिस्क.

२०१० ते २०१५ च्या सुमाराच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असे. तो आता कोण वापरतं? तळाचा एक स्क्रू काढला की तो बहुधा बाजूने सरकून बाहेर येतो. त्याच आकाराची 'कॅडी' मिळते, तिच्यात अडीच इंची डिस्क बसते. विकत घेण्याआधी आपला ड्राइव्ह ९.५ मिलिमीटर जाड आहे की १२.७, हे मोजून घ्या. चुकीची कॅडी आत जात नाही किंवा खुळखुळत राहते. ड्राइव्हच्या तोंडाची प्लास्टिकची पट्टी आणि मागचा छोटा धातूचा तुकडा फेकू नका, ते कॅडीला लावायचे असतात. काम सुरू करण्यापूर्वी अडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा.

बरेच जण नवी एसएसडी कॅडीत आणि जुनी डिस्क आहे तिथेच ठेवतात. मी उलटं सुचवेन. कित्येक मॉडेल्समध्ये डीव्हीडीचं कनेक्शन सेकंदाला ३ गिगाबिटचं असतं आणि मुख्य जागेचं ६ चं. शिवाय काही बायॉस कॅडीतल्या डिस्कवरून संगणक सुरूच करत नाहीत. म्हणून एसएसडी मुख्य जागी आणि जुनी हार्ड डिस्क, सगळ्या फोटोंसकट, कॅडीत. डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, आणि फोटोंची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवाच.

त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी नसते, पण काहींत एम.२ नावाची रिकामी खाच असते. इथे जरा जपून. साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही प्रकारच्या एम.२ डिस्क दिसायला जवळपास सारख्या. चुकीची घेतली तर कधी ती बसतसुद्धा, फक्त संगणकाला दिसत नाही. मॉडेल नंबर घालून सर्व्हिस मॅन्युअल वाचणं याला पर्याय नाही.

नव्या एसएसडीवर काय घालायचं? मुदतवाढ घेतली असेल तर विंडोज १०. त्यापुढे माझं मत लिनक्स मिंटच्या बाजूने आहे. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, ऑफिसची साधी कामं यासाठी ते उत्तम चालतं, मराठीचा कळफलकही मिळतो. अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग आपण पुन्हा होतो तिथेच.

लॅपटॉप उघडला तर वॉरंटी जाते का, असंही विचारतात. एवढ्या जुन्या मशीनची वॉरंटी कधीच संपलेली असते! पण नव्यासाठी सांगतो: अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ स्टिकर फाटलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, आणि २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना याबद्दल तंबीही दिली होती. दुरुस्तीच्या हक्काचे नवे कायदेही आले. पण त्यांच्या तारखा बघा. न्यूयॉर्कचा कायदा १ जुलै २०२३ नंतरच्या वस्तूंना लागू, कॅलिफोर्नियाचा १ जुलै २०२१ नंतरच्या. म्हणजे जे लॅपटॉप चार स्क्रू काढून घरी दुरुस्त होत होते, त्यांना कायद्याचा आधार नाही. ज्यांना आधार आहे, त्यांतल्या अनेकांची रॅम, आणि काहींचं स्टोरेजसुद्धा, मदरबोर्डला डाग देऊन पक्कं केलेलं. हक्क मिळाला, पण उघडून बदलायला आत काही ठेवलेलंच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर रिसायकल झाल्याची नोंद आहे. लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पाहिलेल्या माणसाला हे आकडे जास्तच टोचतात. तिथे ज्याला 'चालू माल' म्हणतात, तो आपण इथे कचऱ्यात टाकतो.

डिस्क बदललेला लॅपटॉप सुट्टीत सांगलीच्या किंवा नागपूरच्या भाच्याला नेऊन देणार असाल, तर निघण्यापूर्वी कॅडी बाहेर ओढा. तिच्यातली जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून घरीच राहू द्या. तिच्यावर तुमचे दहा वर्षांचे टॅक्स रिटर्न्स आहेत!