ब्रेडचा पुडा आणि पुण्य

नकाशात देगलूर शोधलंत तर एक गंमत दिसेल. पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र, दोन्ही सरळ रेषेत साधारण साडेचारशे किलोमीटरवर. म्हणजे समुद्रापासून लांब राहायचं ठरवूनच कुणीतरी गाव वसवलं असावं. आमची लेंडी नदी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि ते पाणी कधीतरी बंगालच्या उपसागरात पोचतं. आमचा समुद्राशी संबंध एवढाच. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, नोकरी लागल्यावर, ऑफिसच्या ट्रिपमधे.

मासे मात्र लहानपणापासून ओळखीचे. करडखेडच्या तलावावर गेलो की आज्जी पदराच्या गाठीतून कणकेच्या गोळ्या काढायची. "टाक बाळा, मुक्या जिवाला घातल्यालं वाया जात नाही." मी टाकायचो, पाणी उकळल्यासारखं व्हायचं, आणि मला आपण काहीतरी फार चांगलं केल्यासारखं वाटायचं.

हे सगळं सांगायचं कारण, मागच्या जानेवारीत मालवणला मी हेच केलं. हिंजवडीतले आम्ही सहा जण, लाँग वीकेंड, स्कूबा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडी थांबली. पाण्यात उतरायच्या आधी गाईडने हातात ब्रेडचा पुडा दिला. "खाली गेल्यावर थोडो थोडो सोड, मासे धावत येतले." आणि आले की! पिवळे-काळे पट्टे असलेले पन्नासेक मासे माझ्या तोंडाभोवती. कॅमेरा चालू. आज्जीची आठवण आली, खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले (मास्कच्या आत ते फार त्रासाचं असतं). वर येताना मास्क नीट करायला एका दगडावर उभा राहिलो.

तो दगड नव्हता.

पुण्याला परत आल्यावर फोटो अपलोड केले, लाइक्स मोजले, आणि मग एका मित्राने शांतपणे विचारलं की पायाखाली काय आहे ते पाहिलंस का. पाहिलं. घुमटासारखं, तपकिरी, बारीक छिद्रांचं. पोराइटीस जातीचं प्रवाळ. अशी घुमटाकार प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. माझ्या बुटाएवढ्या उंचीचा तो गोळा म्हणजे माझ्याच वयाचा जीव. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळ आहे. वाघाच्या पाठीवर उभं राहून मी अंगठा दाखवत होतो.

त्यानंतरचे दोन-तीन वीकेंड मी याच विषयावर वाचत बसलो. आणि आता भांडायला आलोय. गाईडशी नाही. तुमच्याशी आणि माझ्याशी.

मुळात प्रवाळाचं कुटुंब कसं चालतं ते बघा. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. पाणी जास्त तापलं की हा करार मोडतो, शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं. मालवणातही प्रवाळ असं पांढरं पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेली आहे. पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, सावरू शकतं. पण त्या मधल्या काळात एक शर्यत सुरू होते. मोकळ्या जागेवर दुसरंच, गवतासारखं वाढणारं शैवाल बसू पाहतं. ते बसलं की प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागा राहत नाही. हे गवत कोण कमी ठेवतं? चरणारे. पोपटमासे, सर्जनमासे, समुद्री साळिंदरं. खडकावर तोंड घासत दिवसभर चरणं हाच त्यांचा धंदा. म्हशी नसलेल्या माळरानावर काय होतं हे आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

ही माणसं (मासे!) गेली तर काय होतं याचं सगळ्यात भयानक उदाहरण जमैकाचं. तिथे पोपटमासे आणि इतर चरणारे मासे आधीच मारून संपवले होते. तरी काही बिघडलं नाही, कारण काळी समुद्री साळिंदरं एकटीच सगळं गवत खात होती. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप सर्व्हरवर सगळा लोड, आणि कुणाच्या लक्षात नाही की प्रायमरी केव्हाच बंद पडलाय. १९८० साली मोठं वादळ आलं. मग १९८३-८४ मधे एका रोगाने कॅरिबियनभर ती साळिंदरं नव्वद टक्क्यांहून जास्त मेली. १९७७ मधे तिथल्या तळावर निम्म्याहून थोडं जास्त प्रवाळ होतं. १९९३ पर्यंत उरलं ३ टक्के. बाकी सगळं गवत.

आता माझ्या ब्रेडकडे येऊ. ब्रेडला कोण येतं? लाजाळू, खडकात तोंड घालून चरणारा मासा सहसा येत नाही. येतो तो धीट, मिळेल ते खाणारा, गर्दी करणारा. आपण त्याचीच गर्दी वाढवतो. आणि ही गर्दी पर्यटक गेल्यावर उपाशी बसत नाही. इटलीच्या उस्तिका बेटाजवळ संशोधकांनी हे नीट मोजलं. पर्यटक जिथे खायला घालत तिथे असे धीट मासे जमत, आणि शेजारच्या दुसऱ्या माशांच्या घरट्यांमधली अंडी जास्त वेळा खाल्ली जात. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे मी एकाला घास भरवला आणि त्याला दुसऱ्याच्या पाळण्यापर्यंत आणून सोडला. फ्लोरिडात २००२ पासून डायव्हरनी माशांना खायला घालायला बंदी आहे. तिथले लोक आपल्यापेक्षा निर्दय आहेत असं मला वाटत नाही.

मग आज्जीचं काय? मी यावर बरंच डोकं खाल्लं. करडखेडचा तलाव माणसाने बांधलाय, आणि अशा तलावात मासे बहुतेक वेळा आपणच सोडलेले असतात. तिथे मूठभर कणीक म्हणजे गोठ्यातल्या गाईला पोळी देण्यासारखं. आज्जी महिन्यातून एकदा जायची, पदराच्या गाठीत मावेल एवढंच न्यायची. मालवणला पावसाळा सोडून बाकीचे महिने, रोज सकाळपासून होडीमागून होडी, त्याच ठरलेल्या खडकांवर, प्रत्येकाच्या हातात पुडा. हे दान नाही, हा फोटोसाठी भाड्याने बोलावलेला मॉब आहे. आज्जीचं पुण्य तिच्या खात्यात राहू द्या, आपण त्याच्यावर क्रेडिट कार्ड काढू नका.

"एका पुड्याने काय होतंय?" हे मला आत्तापर्यंत चार जणांनी विचारलंय, आणि चौघेही परफॉर्मन्स टेस्टिंग करतात. एका रिक्वेस्टने सर्व्हर पडत नाही हे त्यांना माहीत आहे, आणि का पडतो हेही माहीत आहे.

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. मोठे गुन्हेगार वेगळेच आहेत. पर्ससीन जाळी, एलईडीच्या उजेडात होणारी मासेमारी, आणि तापत चाललेला समुद्र. एप्रिल २०२४ मधे अमेरिकेच्या नोआ संस्थेने जगभरात प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी मोठी घटना जाहीर केली. त्यापुढे ब्रेड म्हणजे किस झाड की पत्ती! मान्य. पण म्हणूनच तर. समुद्राचं तापमान मी पुढच्या शनिवारी कमी करू शकत नाही. तापून अर्धमेलं झालेलं प्रवाळ सावरायला लागतं त्या महिन्यांमधे त्याच्या अंगावर उभं न राहणं आणि त्याच्या शेजारपाजाऱ्यांची घडी न मोडणं, एवढं मात्र मी आजच करू शकतो.

आणि एक गोष्ट मला खरंच डोक्यात जाते. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, त्यातला सुमारे ३ चौरस किलोमीटर गाभा. तिथल्या मच्छीमारांनी कित्येक वर्षं विरोध केला, कारण त्यांना भीती होती की पिढ्यान्‌पिढ्यांची जागा जाईल. अभयारण्य म्हटलं की पहिला प्रश्न रापण ओढणाऱ्याला विचारला जातो, तू इथे काय करतोस? आम्हाला, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना, कुणी विचारत नाही. आम्ही पैसे देऊन येतो, प्रवाळावर उभे राहतो, आणि परतताना मच्छीमारांनीच मासे संपवले म्हणून सुरमईच्या ताटावर चर्चा करतो. (हो, मीही केली. सोलकढी पीत.)

गाईड पुडा का देतो? कारण मासे दिसले नाहीत तर आपण एक स्टार देतो. त्याच्या पोरांची फी आपल्या रेटिंगवर आहे. उद्या तो खडक गवताने झाकला गेला तर आपण अंदमानला जाऊ, ईएमआयवर. तो कुठे जाणार? म्हणून त्याला शहाणपण शिकवायच्या आधी आपली मागणी बदलू. बुकिंग करतानाच सांगा, ब्रेड-बिस्कीट नको. तरंगता येत नसेल तर आधी स्विमिंग पूलमधे शिका, समुद्राचा तळ ही प्रॅक्टिसची जागा नाही. आणि तळाला पाय लावायचा नाही, मास्कमधे पाणी गेलं तरी. आणि मासे न घालता आलेल्या डाइव्हला पाच स्टार द्या, तसं लिहून द्या.

पुढच्या महिन्यात परत जातोय. परवा दुसऱ्या एका होडीवाल्याला फोन केला, सहा जणांचं सांगितलं, आणि म्हटलं, काका, ब्रेड नको आम्हाला.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "मगे मासे कमी दिसतले हां."

म्हटलं, दिसू दे. जेवढे दिसतील तेवढे.

"बरां," म्हणाले, आणि अ‍ॅडव्हान्स किती पाठवायचा ते सांगितलं.