‘मावशी पाठवा!’

नरकचतुर्दशीची पहाट. घराघरांत उटण्याचा वास दरवळतो आहे. मुंबईच्या एका सदनिकेत ऐंशी उलटलेल्या आजींना खुर्चीवर बसवून कोमट पाण्याने न्हाऊ घालणे चालले आहे. त्यांच्या अंगाला तेल चोळणारे हात लेकीचे नाहीत, सुनेचे नाहीत, नातीचेही नाहीत. ते मावशींचे आहेत. मावशींची स्वतःची दोन मुले त्याच वेळी वांगणीच्या खोलीत आपली आंघोळ आपणच उरकत आहेत. थोड्या वेळाने घरची मंडळी फराळाला बसतात, मावशींच्या हाती एक करंजी आणि दोन चकल्या ठेवल्या जातात, आणि आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगितले जाते, ‘मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत हो!’

घरच्यासारख्या! या एका शब्दाशी मला भांडायचे आहे. दिवाळी अंकात भांडण उकरून काढणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणते. परंतु मावशी रजा मागतात, ब्युरोचा फोन दिवसभर लागत नाही, आणि आपल्या घराचा डोलारा कुणाच्या खांद्यावर उभा आहे हे एकाएकी ध्यानात येते, ते याच चार दिवसांत. तेव्हा या भांडणाला याहून चांगला मुहूर्त नाही.

प्रथम एका जुन्या आक्षेपाचा निकाल लावते. म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला पगारी बाई ठेवली, की लगेच कुणीतरी सुस्कारा टाकतो, ‘पूर्वी असे नव्हते. पूर्वी घरची माणसे करीत.’ घरची कोणती माणसे, ते मात्र हे गृहस्थ सांगत नाहीत. मी सांगते. करीत असे ती सून, किंवा विटकर आलवणातली कुणी आत्या, जिला दोन वेळच्या जेवणावर घरात ठेवून घेतलेले असे. तिला पगार नव्हता, रजा नव्हती, आणि ‘मला आज जमणार नाही’ असे म्हणण्याची सोयही नव्हती. त्या सेवेचे गोडवे गाणाऱ्यांत ती सेवा केलेली बाई मला अजून भेटायची आहे. तेव्हा सेवेला मोल आले यात अधोगती मुळीच नाही. लाज वाटायची, तर ती मोल देण्याची नव्हे. ते कसे देतो, कुणाला देतो आणि देताना काय विचारत नाही, त्याची वाटायला हवी.

आपण ब्युरोला फोन करतो तेव्हा काय विचारतो, ते एकदा आठवून पाहा. ‘दिवसाचे किती? उद्यापासून मिळेल का? स्वच्छ आहे ना? हातावर हात ठेवून बसणारी नको.’ आणि मग आवाज जरा खाली आणून, ‘आपल्यातली आहे ना?’ झाले! दुधाची पिशवी मागवतानासुद्धा आपण तिच्यावरची तारीख पाहतो. ज्या बाईच्या हाती आईचा घास, आईचे औषध आणि आईची अब्रू सोपवायची, ती हे काम कुठे शिकली, हा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी येत नाही.

माझ्याही आला नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि आठव्या दिवशी त्यांना घरी आणले. माझी शाळा, यजमानांची कचेरी. वर्तमानपत्रातून आलेल्या एका पत्रकावरचा क्रमांक फिरवला आणि मीही तेच म्हणाले, ‘मावशी पाठवा!’ अनामत रक्कम भरली, पहिल्या महिन्याचे कमिशन मोजले. पंधरा दिवसांत तीन मावशी आल्या. पहिली चौथ्या दिवशी गेली, दुसरीला ब्युरोनेच दुसऱ्या घरी हलवले. तिसरी टिकली. स्वभावाने गरीब, कामाला वाघ. ती आजींना हलवतच नसे. ‘आजींना दुखतं’ म्हणून त्या जशा निजल्या असतील तशाच राहू देई. बारा-तेरा दिवसांनी माकडहाडावर जखम दिसली.

मी तिला नको नको ते बोलले. शिक्षिकेच्या जिभेला धार असतेच. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, ‘ताई, मला आदल्या रात्री फोन आला, सकाळी इथं आले. त्याआधी मी मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरत होते. कूस बदलायची असते हे मला कुणी सांगितलंच नाही.’

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. हाडाच्या उंचवट्यावर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि कातडी मरू लागते. निजलेल्या माणसाला आडवेच ठेवून भरवले, तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हाताऱ्या माणसाला काखेत हात घालून ओढले, तर त्याचा खांदा जायचा आणि उचलणारीची पाठ. या गोष्टी मायेने येत नाहीत, त्या शिकाव्या लागतात. वर्गात मुलांना न शिकवता परीक्षेला बसवणाऱ्या मास्तराला आपण काय म्हणू? मग या बाईला न शिकवता आजींच्या उशाशी बसवणाऱ्या ब्युरोला आपण ‘सेवाभावी’ का म्हणतो? आणि काही न विचारता तिला घरात घेणाऱ्या मला तरी काय म्हणावे?

आता इमारतीच्या फाटकाकडे चला. तिथे पहारेकरी बसलेला असतो. त्याला पाठवणाऱ्या खासगी संस्थेला २००५ सालच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना लागतो. पहारेकऱ्याची पूर्वचौकशी व्हावी लागते, आणि २००६ च्या नमुना नियमांत त्याच्यासाठी शंभर तासांचे वर्गातले व साठ तासांचे प्रत्यक्ष शिक्षण सांगितलेले आहे. महाराष्ट्राने तर त्याही आधी, १९८१ साली, सुरक्षा रक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी कायदा केला. उत्तमच झाले. परंतु फाटकावरच्या मोटारी राखणाऱ्यासाठी एवढे सगळे, आणि तिसऱ्या मजल्यावर आईला न्हाऊ घालणारीला पाठवण्यासाठी? त्यासाठी खास परवाना मागणारा कायदा मला तरी कुठे दिसला नाही. एक खोली, एक फोन आणि गरजू बायकांच्या नावांची एक वही, एवढ्या भांडवलावर ब्युरो उभा राहतो.

हे दिल्लीला माहीत नाही असे नाही. आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत आले, आणि घरी जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्या संस्थांची नोंदणी करण्याची तरतूद त्यात होती. २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर बारगळले. त्यावर एखादा मोर्चा निघालेला कुणाला आठवतो का? मला तर आठवत नाही. २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसे दहा कोटींवर गेली होती. पण म्हातारपणासाठी घोषणा देणारा माणूस आपल्याकडे विरळाच.

सगळेच ब्युरो लबाड आहेत असे मी म्हणत नाही. चौकशी करणे, शिकवणे, एक बाई आजारी पडली तर दुसरी पाठवणे, याला खर्च येतो, आणि त्याचे कमिशन घेणे ही चोरी नव्हे. चोरी आहे ती लपवण्यात. तुम्ही मोजता त्यातले तिच्या हाती किती पडते, हे तिने सांगायचे नाही आणि तुम्ही विचारायचे नाही, असा दंडक घालणारे महाभाग आहेत. माझ्या तिसऱ्या मावशीने रडत रडत आकडा सांगितला, तेव्हा कळले की आम्ही देत होतो त्यातला तिसरा हिस्सा तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. ज्या बाईला चार पैसे जास्त मिळाले की दुसरे दार धरावे लागते, ती आपल्या आजींजवळ टिकेल कशी? आपण म्हणतो, ‘हल्लीच्या बायका टिकत नाहीत.’ अहो, टिकण्याची किंमत मधल्या मध्ये गडप होते, तिचे काय?

इथे एखादा पेन्शनर वाचक कळवळून म्हणेल, ‘बाई, जास्त द्यायला आणायचे कुठून?’ ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा मी करणार नाही. परंतु ‘चोवीस तासांची मावशी’ या शब्दांतली लबाडी एकदा ओळखायला हवी. चोवीस तास जागे राहणारे माणूस देवाने अजून जन्माला घातलेले नाही. रात्री चार वेळा उठणारी बाई दुसऱ्या दिवशी दुपारी पेंगणार, आणि त्याच पेंगेत गोळी चुकणार. तेव्हा चोवीस तासांचे परवडत नसेल, तर बारा तासांचे प्रामाणिकपणे घ्यावे आणि रात्र घरच्यांनी वाटून घ्यावी. घरच्यांनी, म्हणजे मुलांनीसुद्धा. फक्त सुनेने नव्हे.

मग ब्युरो निवडायचा कसा? ठेच खाल्लेल्या बाईचे चार शब्द ऐका. घरात नर्स हवी की मदतनीस, हे आधी डॉक्टरांना विचारा. नाकातून अन्नाची नळी असेल, लघवीची नळी असेल, इंजेक्शने असतील, तर ते नर्सचे काम आहे. ती जी. एन. एम. किंवा ए. एन. एम. झालेली असेल, तर तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असायला हवी. तिचा नोंदणी क्रमांक मागा. नुसता पांढरा कोट पाहून नमस्कार करू नका. मदतनीस असेल, तर ती कुठे आणि किती दिवस शिकली ते विचारा, आणि पहिल्याच दिवशी कूस कशी बदलतात ते तिला करून दाखवायला सांगा. ओळखपत्र आणि पोलिसांकडची पडताळणी पाहा. अनामत परत कधी मिळणार, बदली बाई किती वेळात येणार, रात्री काही झाले तर फोन कोण उचलणार, हे कागदावर घ्या.

आणि त्याच कागदावर पुढचेही मागा: तिच्या हाती दरमहा किती पडणार, कोणत्या तारखेला, आणि आठवड्याची सुटी कोणती. तिला कुणाविषयी तक्रार करायची झाली तर ती कुठे करणार? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, हे घरातल्या पुरुषमंडळींनाही ठाऊक असू द्यावे.

पण खरी कसोटी याहून सोपी आहे. जो ब्युरो तुमचे पैसे घेण्यापूर्वी तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो, तो चांगला. आमचा दुसरा अनुभव असा आला. फोन केला तर उत्तर आले, ‘आधी आम्ही येऊन आजींना पाहू.’ एक अनुभवी नर्स आली. तिने आजींची जखम पाहिली, पलंगाची उंची पाहिली, न्हाणीघरात दांडा नाही म्हणून आम्हाला दटावले. मग विचारले, ‘आमची बाई झोपणार कुठे? जेवणार काय? संडास कोणता वापरणार?’ मला क्षणभर राग आला. लगेच उमगले की, हे प्रश्न विचारणारीच्याच हाती माणूस सोपवावे. दर जास्त होता. आम्ही बारा तास घेतले. एक रात्र यजमानांची, एक माझी.

मावशी म्हणायला माझी हरकत नाही. मराठीत परक्या बाईला हाक मारायला याहून गोड शब्द नाही. पण मावशी म्हणायचे आणि तिने मोरीच्या कडेला निजायचे, मावशी म्हणायचे आणि तिचा कप वेगळा ठेवायचा, हा नात्याचा पोरखेळ झाला. नाते फुकट देऊन पगारात काटछाट करणारांपेक्षा ‘बाई’ म्हणून पुरती मजुरी देणारा माणूस मला अधिक सज्जन वाटतो.

यंदा आमच्या मावशींनी नरकचतुर्दशीपासून भाऊबिजेपर्यंत भरपगारी रजा घेतली आहे. बदलीची बाई नको, असे मीच ब्युरोला कळवले. जाण्यापूर्वी त्यांनी मला आणि यजमानांना समोर उभे करून आजींना कसे उठवायचे, कसे बसवायचे आणि पाणी कुठून कसे घालायचे, ते तीनदा करून दाखवले. मी दोनदा चुकले. त्या म्हणाल्या, ‘ताई, घाई नका करू. परत करा.’