दिवा विझवून मिळेल

आपल्या मुलाने लाल दिव्याच्या गाडीतून फिरावं, अशी आमच्या मातोश्रींची फार इच्छा. मंत्र्या-साहेबांच्या टपावरचे ते दिवे सरकारने १ मे २०१७ पासून उतरवले आणि मग कुठे आमच्या गाडीला दिवा लागला. तोही टपावर नाही. आत, स्टिअरिंगच्या मागे. एक गोल, गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस.

मुलचेऱ्याला बदली झाली म्हणून घेतलेली ही सेकंडहँड गाडी. दिवा लागताच सल्ले सुरू झाले. "हँडब्रेक राहिला असेल," साहेब म्हणाले. राहिला नव्हता. "पावसाळा आहे, लागायचाच," शिपाई म्हणाला. शेवटी मेकॅनिककडे गेलो.

"घाबरता काहून जी साहेब? गाडी थांबते ना? मंग!" असं म्हणून त्याने डबीत ब्रेक ऑइल ओतलं. दिवा विझला. तीन आठवड्यांनी पुन्हा लागला. तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, "बल्बच काढून टाकतो. किटकिटच नको!"

वाचकहो, माझा संताप इथे आहे. वीस वर्षं मी बँकेत कॅश मोजली. कॅश कमी भरली की गुपचूप खिशातली नोट घालून ताळा जुळवणारा कॅशियर आम्ही सर्वांत घातक मानतो. त्या दिवसाचा हिशेब जुळतो, भोक तसंच राहतं. अहो, ब्रेक ऑइल म्हणजे काय पेट्रोल आहे, जळून जायला? बंद नळ्यांतला कारभार तो. डबीतली पातळी उतरली तर ते ऑइल गेलं कुठे, हा साधा ऑडिटचा प्रश्न. एक तर ब्रेकचे पॅड झिजले, त्यामुळे पिस्टन पुढे सरकला आणि त्याच्या मागची जागा भरायला ऑइल खाली उतरलं. नाहीतर कुठेतरी गळतंय. मग गाडी जागची हलवायची नाही. वरून भर घातली की डबीतला तरंगता गोळा खुशीत वर येतो, दिवा गप्प बसतो आणि पॅड बिचारे झिजत राहतात.

(एबीएसचा पिवळा दिवा वेगळा. तो एकटा लागला तर साधे ब्रेक लागतात, पण करकचून दाबले तर चाकं जाम होऊ शकतात. लाल-पिवळे जोडीने लागले तर मात्र मुकाट्याने गाडी बाजूला घ्यावी.)

आणि हे सगळं कुठे? संध्याकाळी वळणावर अख्खा गोधन-मोर्चा आडवा येतो तिथे. पुढे आष्टी-आलापल्ली रस्त्याला लागलं की समोरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. मागच्या सीटवर सौभाग्यवती आणि कन्यारत्न. तिथे काय, ब्रेकऐवजी मेकॅनिकचं "मंग!" दाबायचं?

हट्टाने चाक उतरवायला लावलं. पॅडचा थर पोस्टकार्डाएवढा उरला होता! पॅड बदलले. पिस्टन मागे दाबताच जादा ओतलेलं ऑइल डबीतून उतू आलं आणि जिथे सांडलं तिथला रंग खाऊन गेलं.

चावी फिरवली की हा दिवा क्षणभर लागून विझतो. बल्ब जिवंत असल्याची ती हजेरी. परवा साहेबांच्या गाडीत बसलो. त्यांनी चावी फिरवली. बाकी सगळे दिवे लागले, तो लागलाच नाही.

"आपल्या गाडीला तसला त्रासच नाही," साहेब अभिमानाने म्हणाले, "रविवारी चंद्रपूरला जातोय. सहकुटुंब चला!"

मी त्यांना त्याच मेकॅनिकचं नाव विचारलं. तोच निघाला. रविवारी आम्ही एसटीने गेलो.